दोन तास मी बसते

पावणेदहा वाजले आहेत. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ताई थांबतात आणि घड्याळ बघतात. "दहाची गोळी आहे आप्पांची. आत्ता ते ऑफमध्ये असणार, आधीच्या गोळीचा असर उतरलेला," त्या म्हणतात. "वहिनींची दिवसातली सगळ्यात अवघड वेळ ही. भेटायचं तर आत्ताच." मागून काका येतात. त्यांच्या खांद्याला कॅनव्हासची पिशवी आहे आणि तिच्यातून स्टीलच्या दांड्याचं एक टोक बाहेर आलं आहे.

शनिवार पेठेतली जुनी इमारत. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा गेल्या गणपतीनंतर खाली उतरलेले नाहीत. म्हणजे त्यांच्या पत्नी, वहिनी, याही न उतरल्यातच जमा. भाजी दोरीच्या पिशवीतून वर येते, औषधं दुकानातला मुलगा आणून देतो. मुलगा-सून सकाळी सात-साडेसातला घराबाहेर पडतात. नावं आणि घर नंबर लिहायचे नाहीत, असं ताईंनी मला आधीच बजावलं आहे. ते योग्यच आहे.

दार उघडंच आहे. आत मोरीच्या उंबऱ्याशी आप्पा उभे आहेत. गुडघ्यात किंचित वाकलेले, नजर खाली, पाऊल उचलत नाही. वहिनी समोरून त्यांचे दोन्ही हात धरून ओढताहेत. "चला ना हो. एकच पाऊल. चला." आप्पांचं वरचं अंग पुढे येतं, पाय जागेवरच राहतात.

"ओढू नका वहिनी," ताई चपला काढता काढता म्हणतात. "हात सोडा. तोल जाईल. तुम्ही बाजूला या नुसत्या."

वहिनी हात सोडतात, पण त्यांची बोटं हवेतच राहतात, पडलेच तर धरायला. तेवढ्यात आतल्या खोलीतून नातू येतो. सहावीतला आहे, आज शाळेला सुट्टी आहे. तो दाराच्या फळीवर दोन्ही तळव्यांनी ढोलाचा ठेका धरतो. आप्पा तरुणपणी ढोल वाजवायचे, गणपतीच्या मिरवणुकीत. चौथ्या-पाचव्या ठोक्याला त्यांचा उजवा पाय उचलतो आणि उंबरा ओलांडून पलीकडे पडतो. मग डावा. मुलगा वाजवत वाजवत मागे मागे जातो, आप्पा त्याच्या मागे.

"हे कुणी शिकवलं रे तुला?" मी विचारते.

"कुणी नाही. टीव्हीवर मिरवणूक लागली होती, तेव्हा आजोबा चालले होते."

ज्या गोष्टीसाठी पुस्तकं चाळावी लागतात, ती या मुलाला नुसतं बघून सापडली आहे. आप्पांना पार्किन्सन्स आहे. या आजारात चालणं आपोआप होईनासं होतं. पाऊल उचलण्याचा आतला हुकूम वाटेत अडतो. बाहेरून ताल मिळाला, किंवा जमिनीवर ओलांडायला एखादी रेघ दिसली, तर मेंदू दुसऱ्या वाटेने तेच काम करून घेतो. काका पिशवीतून पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ काढतात आणि नातवाच्या हातात देतात. पलंगापासून मोरीपर्यंत, पावला-पावलावर एक आडवी पट्टी. "शेवटची उंबऱ्याच्या पलीकडे लाव," काका सांगतात. "पाय कुठे टाकायचा ते पलीकडचं आधी दिसलं पाहिजे." मुलगा गुडघ्यांवर बसून पट्ट्या चिकटवायला लागतो.

दहाला पाच कमी. वहिनी फडताळातून गोळ्यांची पाकिटं काढतात, खिडकीशी जातात, एक पाकीट उजेडात धरतात, डोळ्यांच्या अगदी जवळ आणतात, मग दुसरं. ताई नुसत्या बघत उभ्या आहेत. वहिनी एक गोळी काढतात.

"बघू," ताई हात पुढे करतात. "ही ११० आहे वहिनी. दहाला २७५ ना?"

वहिनी उत्तर देत नाहीत. पाकीट परत घेतात, पुन्हा उजेडात धरतात. मग हळूच म्हणतात, "मुलगा रोज डबीत भरून जातो. काल उशिरा आला, राहिलं असेल."

लेव्होडोपाच्या या दोन ताकदींच्या गोळ्या आहेत. कमी गेली तर आप्पा जेवणाच्या वेळेपर्यंत ताठरलेले राहतात. जास्त गेली तर हातपाय नको तितके हलायला लागतात, कधी गॅलरीत नसलेली मुलं दिसतात. ताई योग्य गोळी काढून देतात आणि स्वयंपाकघराकडे वळतात. "चहा टाका वहिनी. मी येते मदतीला." मला खुणेने बोलावतात. बाहेर काकांचं ड्रिल सुरू होतं. ते मोरीच्या भिंतीत दांडा बसवताहेत.

काका एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले. त्यांच्या पत्नीलाही पार्किन्सन्स आहे. ताईंचे यजमान या आजारात चौदा वर्षं होते, आता नाहीत. बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी सगळं केलं, आणि ते गेल्यावर घरी बसून राहिल्या नाहीत. दोघं पार्किन्सन्सच्या ज्या मदतगटाचं काम करतात, त्या गटात शुभार्थी म्हणजे ज्याला आजार आहे तो, आणि शुभंकर म्हणजे त्याचं करणारा किंवा करणारी. बहुतेक घरांत करणारीच असते.

"रात्री किती वेळा उठता?" ताई ओट्याला टेकून विचारतात.

"मोजलं नाही. चार वेळा. पाच."

"लघवीला?"

"दोनदा तेवढ्यासाठी. मग कूस वळवायला. त्यांना वळताच येत नाही ना. आणि झोपेत लाथा मारतात. माझ्यावर राग नाही त्यांचा, स्वप्नात काहीतरी दिसतं. मी खालीच सतरंजीवर झोपते आता." दूध वर येतं. वहिनी गॅस बारीक करतात. तशाच, पाठमोऱ्या बोलतात. "परवा रात्री मी त्यांच्या हातावर चापट मारली. तीन वाजले होते. सोडतच नव्हते माझा पदर."

कुणी काही म्हणत नाही. मला वाटतं, आता ताई समजूत घालतील. त्या तसं करत नाहीत. "पलंगावर चादर कसली घालता?" त्या विचारतात.

"सुती."

"जुनी रेशमी साडी आहे एखादी? विरलेली चालेल." वहिनी वळून बघतात. "चादरीच्या मधल्या भागावर, कमरेखाली येईल असा हातभर पट्टा शिवायचा. रेशमावर अंग सरकतं, त्यांचं त्यांना वळता येतं. पायांकडे मात्र सुतीच ठेवायचं, टाच रोवायला. माझ्याकडे पाच वर्षं होता असा पट्टा. आणि लाथांचं डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध असतं. गॅलरीत मुलं दिसतात तेही सांगा, गोळ्यांचं प्रमाण बघतील ते."

"ते पण सांगायचं?"

"ते आधी सांगायचं."

वहिनी कपात चहा ओततात. हात थरथरतोय त्यांचा, पण तो झोप न झाल्याने. मग बोलता बोलता कळतं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी मागच्या दिवाळीच्या आधीच उजव्याचं ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं.

"मग?"

"आठ दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही म्हणाले. यांना कोण उचलणार?"

या एका वाक्यापाशी वर्ष गेलं आहे. नातेवाईक येत नाहीत असं नाही. येतात, खुर्चीत बसतात, पोहे खातात, आणि निघताना म्हणतात, "किती करता हो तुम्ही! सावित्रीच आहात." वहिनी हे सांगताना हसतात. मला हसू येत नाही. बाईला एकदा सावित्री म्हटलं की तिच्या तोंडून 'मला होत नाही' निघायची वाट बंद होते. सावित्रीला पाठदुखी नसते, मोतीबिंदू नसतो, रात्री तीन वाजता तिचा हात उठत नाही. कौतुक करणारा हातपाय न हलवता मोकळा होतो आणि कौतुक झालेली बाई आणखी घट्ट बांधली जाते. हे मी या शहरात घराघरांत पाहते आहे. शिकलेल्या घरांतही, किंबहुना तिथे जास्तच. ताईंच्या गटात घरभेटीला जाणाऱ्यांना एक ताकीद असते: घरातल्या बाईची स्तुती करायची नाही, तिला काम विचारायचं.

"दोन तास मी बसते," ताई म्हणतात. "तुम्ही आत्ता डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन या. लेन्सचं माप, बीपी, शुगर आजच करून घेऊ. मी फोन करून ठेवलाय. ह्या येतील तुमच्याबरोबर." ह्या म्हणजे मी.

"आज? आत्ता? यांचं जेवण..."

"साडेबाराला गोळी, एकला जेवण. वरण-भात झालाय ना? मी भरवीन. गोळीबरोबर दूध नाही, वरणसुद्धा गोळीनंतर अर्ध्या तासाने. हनुवटी खाली घेऊन एकेक घास. येतं मला."

येतं मला, हे दोन शब्द ऐकून वहिनींच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी दिवसभर विसरत नाही. त्यांना दया नको होती. त्यांना काम येणारं माणूस हवं होतं. मध्यंतरी नर्सिंग ब्यूरोतून एक मामा, म्हणजे काळजी घेणारा माणूस, लावला होता. भला होता, पण त्याने आप्पांना काखेत हात घालून उचललं आणि खांदा दुखावला. ब्यूरोत पाठवताना त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. आप्पांना उचलायचं नसतं, उठवायचं असतं. बाहेर काका तेच करताहेत: आप्पांना खुर्चीच्या कडेपर्यंत सरकायला सांगतात, पाय गुडघ्यांच्या मागे घ्यायला लावतात, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईल इतकं वाकायला. "आता मोजा. एक, दोन, तीन." दहाची गोळी लागू व्हायला लागली आहे. आप्पा स्वतः उठतात. काकांनी खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवलेत, चार बोटं उंचीचे. तेवढ्याने गुडघ्यांचं निम्मं काम हलकं झालं आहे.

निघायच्या आधी कागदांचं काम. टेबलावर बँकेचं पत्र आहे: सही जुळत नाही. आप्पा कंपोझिटर होते, छापखान्यात खिळे जुळवायचे. आता पेन धरलं की अक्षर ओळीच्या शेवटी जाता जाता बारीक होत जातं, सहीचं शेवटचं अक्षर ठिपक्याएवढं उरतं. हेही याच आजाराचं लक्षण. दोन महिने पेन्शन काढता आलेली नाही, आणि सुनेसमोर सारखा हात पसरायचा म्हणून वहिनी भाजीत काटकसर करताहेत. ताई पत्र वाचतात. बँकेतली माणसं कशी बोलतात ते त्यांना पाठ आहे. "सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेची सूचना आहे तशी. हे पत्र माझ्याकडे द्या, सोमवारी मी शाखेत जाते."

दुसरा कागद अपंगत्वाच्या कार्डाचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत पार्किन्सन्स आहे. त्याच कायद्याने काळजीवाहक कोण हेही लिहून ठेवलं आहे: पैसे घेऊन करणारी व्यक्ती तर आहेच, पैसे न घेता करणारे आईवडील आणि घरचे लोकही. कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो अशांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. सरकारने आपल्या आर्थिक कुवतीत राहून द्यावा, असा. या घरात तसं काही आलेलं नाही. पण कार्डच नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर? अडचण अशी की तपासणीला सरकारी रुग्णालयात जावं लागेल आणि आप्पा दोन जिने उतरू शकत नाहीत. काका ड्रिल बाजूला ठेवतात. "गल्लीतल्या मंडळाची पोरं सांगून ठेवलीत मी. खुर्चीसकट खाली आणतील. चौघं पुरे. गणपती उतरवतात, आप्पा उतरवणार नाहीत होय?"

आप्पांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात आणि घरच्यांना वाटतं, माणसाला कशाचंच काही वाटेनासं झालंय. पण खुर्चीच्या हातावर त्यांची दोन बोटं ठेका धरतात, तोच मघाचा.

वहिनी साडी बदलून येतात. जिना उतरताना कठड्याला घट्ट धरतात, कारण पायरीची कड त्यांना दिसत नाही. रिक्षात त्या बोलत नाहीत. दवाखान्यात गर्दी आहे. थेंब घालून बसवतात, आणि नाव पुकारलं जातं तेव्हा वहिनी भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेल्या असतात. मी उठवत नाही. नर्सला खुणेने सांगते, पुढचा नंबर घ्या. त्यानंतरचाही जातो. तिसऱ्याला मला उठवावंच लागतं. त्या दचकून उठतात आणि पहिला शब्द येतो, "गोळी?"

डॉक्टर मापं घेतात. उजवा डोळा बराच पिकला आहे, आणखी थांबू नका म्हणतात. येत्या गुरुवारची वेळ देतात. टाक्यांशिवायचं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी. नंतर पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब काही आठवडे, आणि सुरुवातीचे दिवस वाकणं, जड उचलणं बंद. वहिनी माझ्याकडे बघतात. आता मी हो म्हणायचं की त्यांनी? "गुरुवार चालेल," त्या म्हणतात.

चार वाजता ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात गटाची महिन्याची बैठक आहे. वहिनी येऊ शकत नाहीत, ताई आणि काका आप्पांच्या घरून थेट आलेत. अशा कामाची वाट पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाने पाडली: महिन्याच्या सभा, घरभेटी, दर एप्रिलचा मेळावा. ११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरचा जन्मदिवस. त्याने १८१७ साली कंपवातावर पहिला सविस्तर निबंध लिहिला. हृषीकेश पवार या नर्तकाने याच शहरात पार्किन्सन्सच्या रुग्णांना नाच शिकवला. त्यामुळे बैठकीची सुरुवात टाळ्या आणि पावलांनी होते, याचं इथल्या लोकांना नवल वाटत नाही. आजचा हा गट लहान आहे, मध्यवर्ती पेठांपुरता, नाव-नोंदणी नसलेला. तीसेक माणसं असतील. खुर्च्या गोलात मांडल्या आहेत. आधी सगळे मिळून मोठ्याने आकडे म्हणतात, एक ते वीस, खोलीच्या पलीकडच्या भिंतीला ऐकू जाईल असे. शुभार्थींचा आवाज खोल जात जातो आणि घरचे 'काय? काय?' विचारून थकतात, म्हणून हा सराव. काकांच्या पत्नी सगळ्यांत मोठ्याने म्हणतात. काका अभिमानाने इकडेतिकडे बघतात.

मग गट दुभंगतो. शुभार्थी एकीकडे व्यायामाला, शुभंकर दुसरीकडे. ही विभागणी ताईंनी हट्टाने आणली. नवऱ्यासमोर बायको, सासूसमोर सून खरं बोलत नाही. इथे बोलते. एक सून सांगते आहे की सासूबाईंची लाळ पुसताना तिला मळमळतं आणि मग स्वतःचाच राग येतो. शेजारची बाई विचारते, "चघळायला देता का काही? बिनसाखरेची गोळी? गिळायची आठवण राहते त्याने. माझ्या आईला फरक पडला." एक सत्तरीचे गृहस्थ वहीत लिहून घेतात. त्यांना पत्नीची साडी नेसवायला जमत नाही. पुढे बसलेल्या दोघी त्यांना निऱ्या आधीच शिवलेल्या, चिकटपट्टीच्या साडीबद्दल सांगतात, आणि एक जण शिवून द्यायचं कबूल करते. डॉक्टरकडे माणसाला दहा मिनिटं मिळतात. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र घरात असते, आणि त्या वेळेचं शहाणपण या खुर्च्यांवर बसलेलं आहे. ते एका स्वयंपाकघरातून दुसऱ्यात पोचवणं हे मला फार मोठं काम वाटतं. यासाठी अनुदान नाही, कार्यालय नाही. एक व्हॉट्सअॅप गट आहे आणि ताईंची निळी वही.

कोपऱ्यात जमिनीवर सतरंजी टाकून चार मुलं बसली आहेत. त्यांच्याबरोबर निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. पार्किन्सन्स हा म्हाताऱ्यांचा आजार ही समजूत इथे टिकत नाही. आलेल्यांपैकी एक आई बेचाळीस वर्षांची आहे. तिची दहा वर्षांची मुलगी सकाळी आईची वेणी घालते, ब्लाउजचे हूक लावते, धाकट्या भावाचा डबा भरते, मग शाळेत जाते. बाई मुलांना चित्र काढायला सांगत नाहीत, गोष्टही सांगत नाहीत. "विचारा काय विचारायचंय ते. घरी विचारता येत नाही ते विचारा."

बराच वेळ कुणी बोलत नाही. मग धाकटा भाऊ म्हणतो, "आईला माझ्यामुळे झालं का?"

"का रे असं वाटतं?"

"मी लहान असताना खूप रडायचो. आजी म्हणते आईला टेन्शन आलं."

बाई त्याला जवळ घेत नाहीत, आवाजही बदलत नाहीत. "नाही. रडल्यामुळे कुणालाही हा आजार होत नाही. टेन्शनने हात जास्त हलतो, पण आजार टेन्शनने झालेला नाही. मेंदूत डोपामिन नावाचा रस तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्यात. का झाल्या ते आईच्या बाबतीत डॉक्टरांनाही ठाऊक नाही. आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आईच्या ताटात जेवलं तरी नाही." मुलगा बहिणीकडे बघतो. बहीण मान हलवते. तिनेही हे विचारलं नसतं.

"आणि तू?" बाई तिला विचारतात. "खो-खो चालू आहे?"

"सोडलं. संध्याकाळी सराव असतो."

बाई वहीत टिपून घेतात. पुढच्या आठवड्यापासून कॉलेजच्या दोन मुली मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या घरी जातील, भावाचा अभ्यास घेतील, आईबरोबर थांबतील. आईच्या डोळ्यांत पाणी येतं; तिला वाटतं मुलीवर अन्याय झाला. बाई तिला एवढंच सांगतात, "वेणी घालू दे तिला. ते तिला आवडतं. डबा दुसरं कुणीतरी भरेल." मुलांकडून सगळं काढून घेतलं तर त्यांना आपण बिनकामाचे आहोत असं वाटायला लागतं, हे बाईंनी वर्गात चाळीस वर्षं पाहिलेलं असणार. कुठलं काम प्रेमाचं आणि कुठलं ओझ्याचं, हे त्या मुलांनाच विचारून ठरवतात. या बैठकीत मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं ते हे.

सहा वाजत आलेत. ताई निळी वही उघडतात आणि उभ्या राहतात. "शनिवार पेठेतल्या वहिनींचं गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन. बारा दिवस माणूस पाहिजे. सकाळी आठ ते एक, एक ते सहा. रात्री मुलगा-सून आहेत. उठवायचं कसं ते काका दाखवतील, बुधवारी संध्याकाळी, ज्यांना येत नाही त्यांनी यायचं. गुरुवार सकाळ मी. दुपार?"

हात वर होतात. पण भराभर नाही. प्रत्येक जण आधी आपल्या घरचं गणित मनात मांडतो: आपल्या माणसाची गोळी किती वाजता, त्या वेळी घरी कोण. साडी नेसवणारे गृहस्थ शुक्रवार दुपार घेतात, पत्नीला बरोबर घेऊन येईन म्हणतात, आप्पा आणि ती मिळून पत्ते खेळतील. मळमळणारी सून शनिवार सकाळ घेते. "जमेल तुला?" कुणीतरी विचारतं. "परक्याचं जमतं हो," ती म्हणते, आणि दोघीतिघी एकदम मान डोलावतात.

रविवारपाशी ताई थांबतात. "रविवार आपण कुणी घ्यायचा नाही." फोन काढतात, सगळ्यांसमोर लावतात. पलीकडे वहिनींचा मुलगा आहे. ताई हळू बोलत नाहीत. "रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तू घरी. हो, दोन्ही रविवार. नाही, सून नाही, तू. तिचे सहा दिवस धरलेत आम्ही रात्रीचे... कळतं मला, आठवड्याचा एकच दिवस मिळतो. तुझ्या आईला गेल्या नऊ वर्षांत तो पण मिळालेला नाही... उठवता येत नसेल तर बुधवारी सातला ये, काका शिकवतील. अर्ध्या तासात येतं." पलीकडून बराच वेळ काही ऐकू येत नाही. ताई वाट बघतात, मध्ये बोलत नाहीत. मग "बरं. सातला," म्हणून फोन ठेवतात आणि वहीत लिहितात.

"सोमवार," त्यांचं बोट पुढच्या ओळीवर सरकतं. "सोमवारी मला आप्पांच्या बँकेत जायचंय. सकाळ कुणाला जमेल?"